गालगागा, गालगागा, गागालल

(वाचनालयाच्या मासिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘जड संगीताचे पाच अल्बम’ असा लिहिला आहे, आणि हे पाच अल्बम कोणते व ते कसे ऐकावेत हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल यांच्या शिवेवरचे हे संगीत. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कानांवरून ते गेलेले आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की असा अल्बम दुसऱ्याला देताना नुसते नाव सांगून भागत नाही. तो अखंड द्यावा लागतो आणि ऐकताना कान कुठे ठेवायचा, तेही सांगावे लागते. यांपैकी अखंडपणाबद्दल आधी बोलतो, कारण त्यापायी माझी सहा वर्षे गेली आहेत.

गोष्ट 1993 सालची आहे. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वसतिगृहातल्या एका मित्राच्या थोरल्या भावाकडे किंग क्रिम्सन या बँडच्या दोन सीडी होत्या. त्यांतली एक ‘रेड’. हा अल्बम 1974 साली आला आणि तो दुकानांत पोहोचण्याआधीच त्यांचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी बँड संपल्याचे जाहीर करून टाकले होते. मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीतून वर आलेले तीन चेहरे आहेत आणि मागच्या बाजूला ध्वनिमापकाच्या तबकडीचे छायाचित्र आहे, ज्यात काटा लाल पट्ट्यात शिरलेला दिसतो. आवाजाची मर्यादा ओलांडली की काटा तिथे जातो. हे मागचे चित्र पाहूनच मी तो अल्बम मागितला होता.

त्या काळी पैसे घेऊन कोरी कॅसेट भरून देणारी दुकाने पेठांतून होती. अशाच एका दुकानात मी नव्वद मिनिटांची कॅसेट आणि त्या दोन्ही सीडी नेऊन दिल्या. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. ‘रेड’ चाळीस मिनिटांचा आहे. पाच मिनिटे कोरी जाणार, हे महिन्याच्या खर्चाचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला सोसवेना. दुसरी सीडी 1969 सालच्या पहिल्या अल्बमची होती. त्यातले ‘एपिटाफ’ मला फार आवडले होते, म्हणून ‘जागा उरली तर तेही भरा’ असे मी सांगून आलो. ते गाणे जवळजवळ नऊ मिनिटांचे आहे. दुकानदाराने ते आधी भरले, त्यामागे ‘रेड’ सुरू केला आणि फीत संपली तिथे काम थांबवले. कागदी वेष्टणावर मात्र सगळी गाणी सुवाच्य अक्षरात ओळीने लिहून दिली. शेवटचे गाणे पुरते मावलेले नाही, एवढे एक वाक्य त्याने सांगितले असते तर मी दुसरी कॅसेट विकत घेतली असती.

शेवटचे गाणे म्हणजे ‘स्टारलेस’. ते बारा मिनिटांहून थोडे मोठे आहे. सुरुवातीला मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्याच्या तंतुवाद्यांसारख्या स्वरांवर एक संथ, दाटून आलेली धून येते, जॉन वेटन तीन कडवी गातात, आणि साडेचार मिनिटांच्या सुमारास सगळे शांत होते. मग बासवर तेरा मात्रांची एक आकृती सुरू होते. तिच्यावर फ्रिप यांची गिटार एकच स्वर धरून बसते. तोच स्वर पुन्हा पुन्हा, मग हळूच त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. बिल ब्रुफर्ड आधी लाकडी ठोकळ्यावर टकटक करतात, मग एकेक करून सगळे ड्रम्स जागे होतात. ही चढण चार मिनिटांहून अधिक काळ चालते, आणि ती शिगेला पोहोचते नेमक्या त्या क्षणी माझ्या टेपरेकॉर्डरची कळ खट्कन वर यायची.

मला वाटले, गाणे असेच आहे. चढण चढवत न्यायची आणि ऐकणाऱ्याला कड्याच्या टोकावर सोडून द्यायचे, ही रचनाकाराची योजना आहे, असे मी मनाशी ठरवले. एवढेच नव्हे, तर त्या कॅसेटवरून मी चार जणांना प्रती करून दिल्या आणि प्रत्येकाला हा शेवट किती धाडसाचा आहे ते रात्र-रात्र जागून समजावून दिले. त्यांतला एक जण माझ्याशी भांडला. समेवर न येणारे आवर्तन हे आवर्तनच नव्हे, असे तो म्हणाला. मी त्याला बरेच काही सुनावले.

1999 साली नोकरीनिमित्त मुंबईत आलो आणि पहिल्या पगारात काळ्या घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून ‘रेड’ची सीडी घेतली. 2016 साली ते दुकान बंद झाले तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्या पिशवीचा स्पर्श आठवला. रात्री खोलीवर सीडी लावली. नवव्या मिनिटापर्यंत सगळे ओळखीचे होते. हात सवयीने कळीकडे गेला, आणि गाणे थांबलेच नाही. बास आणि ड्रम्स कोंडी फोडून दुप्पट वेगाने धावत सुटले, सॅक्सोफोन त्यांच्यावर तुटून पडला, आणि सगळ्यांत शेवटी सुरुवातीचीच ती संथ धून परत आली, या वेळी पूर्ण ताकदीने, सगळ्या वाद्यांसकट. मी ज्या गाण्याला सहा वर्षे अधांतरी समजत होतो, ते समेवर आले होते. भांडलेला मित्र बरोबर होता.

मी चौघांचेही पत्ते शोधले. तिघांचे मिळाले. त्यांना नव्याने कॅसेट भरून, प्रत्येक बाजूची मिनिटे मोजून, कुरिअरने पाठवल्या. भांडणाऱ्याला सोबत चार ओळींचे पत्रही लिहिले. चौथ्याचा पत्ता लागला नाही. त्याच्याकडे ‘स्टारलेस’ अजून अर्धेच असेल, ही रुखरुख मला आजही आहे.

आज फीत संपत नाही, पण तुकडे पडतातच. फोनवर कुणीतरी एका अल्बममधले एक गाणे पाठवतो, त्याच्यापाठोपाठ यंत्र दुसऱ्याच कुणाचे तरी वाजवू लागते, आणि गाण्याच्या आधी काय होते व नंतर काय येणार होते, हे कळायला मार्ग उरत नाही. ज्या संगीतात पहिल्या मिनिटाचा अर्थ चाळिसाव्या मिनिटाला लागतो, तिथे हे नुकसान लहान नाही. टूल या बँडने 2019 च्या ऑगस्टपर्यंत आपले अल्बम फोनवरच्या या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर येऊ दिले नव्हते. त्यांचा त्यामागचा विचार काहीही असो, त्यांचे चाहते तोवर त्यांचे अल्बम सलग ऐकत राहिले, हे मी जवळून पाहिले आहे.

आता कान कुठे ठेवायचा, त्याबद्दल. माझे काका सांगलीला असतात. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि आयुष्यभर तबला वाजवला. काकू शाळेत मराठी शिकवत होत्या. काकांना हे संगीत ऐकवावे म्हणून मी एकदा आठ अल्बमची नावे कागदावर लिहून दिली होती. वर्षभराने गेलो तेव्हा तो कागद पंचांगात घडी घालून नीट ठेवलेला होता आणि त्यातले एकही नाव वाजलेले नव्हते. दोष त्यांचा नव्हता. यादी हातात पडली म्हणजे वाट सापडली असे होत नाही.

म्हणून त्या दिवशी मी एकच गाणे लावले. कॅनडाच्या रश या बँडच्या 1981 सालच्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधले ‘वायवायझेड’. त्यात शब्द नाहीत. टोरांटोच्या विमानतळाचे सांकेतिक नाव वाय-वाय-झेड असे आहे, आणि विमानांना दिशा दाखवणारा तिथला रेडिओ-संकेत ही तीन अक्षरे मोर्सच्या लिपीत सतत पाठवत असतो. बँडने विमानात तो संकेत ऐकला आणि त्याचाच ठेका केला. मोर्समध्ये वाय म्हणजे दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ. झेड म्हणजे दीर्घ, दीर्घ, ऱ्हस्व, ऱ्हस्व. यांतले काहीही मी काकांना सांगितले नाही. एवढेच म्हणालो, “काका, सुरुवातीला घंटेसारखं वाजतंय, ते तेवढं मोजा.”

काकांनी डोळे मिटले. बोटे मांडीवर चालू लागली. तीन-चार आवर्तने झाल्यावर ते म्हणाले, “दुगुनीत मोजलंस तर वीस, ठायीत दहा. पण खंड झपतालाचे नाहीत. साडेतीन, साडेतीन, तीन.” ठाय म्हणजे संथ लय, दुगुन म्हणजे तिच्या दुप्पट; आणि झपतालाच्या दहा मात्रा दोन, तीन, दोन, तीन अशा पडतात. हे मला वाचून कळले होते, त्यांना ऐकून कळले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, हे तर गालगागा आहे. गालगागा, गालगागा, आणि पुढे गागालल. व्योमगंगा निघाली होती, तिसऱ्या गणात वळली.”

मी हे गाणे तोवर काही शे वेळा ऐकले होते, पण त्यातले वृत्त मला दिसले नव्हते. व्योमगंगा म्हणजे गालगागा चार वेळा येणारे वृत्त. ल म्हणजे लघू, त्याची एक मात्रा; गा म्हणजे गुरू, त्याच्या दोन. गालगागाच्या सात, पुन्हा सात, गागाललच्या सहा, एकूण वीस. ज्यांनी शाळेत वृत्ते चालवली आहेत किंवा गझला वाचल्या आहेत, त्यांच्या जिभेवर हा ठेका आधीपासून आहे. माझे म्हणणे हेच आहे, की विषम मात्रांचे हे पाश्चात्त्य संगीत मराठी कानाला अवघड जाते हा गैरसमज आहे. त्याला आत यायला दार लागते, आणि ते दार आवाजात नसून मोजणीत आहे. त्या दुपारी काकांनी ‘मूव्हिंग पिक्चर्स’ पूर्ण ऐकला, आणि काकूंनी बाजू संपेपर्यंत आमटी गरम करायला घेतली नाही.

समोरून चिठ्ठी आली आहे. आठ वाजता सभागृह रिकामे करायचे आहे आणि माझ्याकडे दहा मिनिटे उरली आहेत. पाचांपैकी दोन अल्बम झाले. उरलेले तीन आता भरभर सांगतो. त्यांच्यासाठी खरे म्हणजे अर्धा-अर्धा तास हवा होता.

तिसरा, स्वीडनच्या ओपेथ या बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’, 2001. यात मिकाएल ओकरफेल्ट घशातून गुरगुरणारा घोगरा आवाज काढतात. पुष्कळ जण त्या आवाजापाशीच थांबतात आणि अल्बम बंद करतात. कान त्या आवाजावर ठेवू नका. तोच माणूस त्याच गाण्यात स्वच्छ, मऊ गळ्याने गायला लागतो, तो सांधा पकडा. पहिल्या गाण्याच्या शेवटी सगळा गदारोळ ओसरून एकटा पियानो उरतो, तिथपर्यंत थांबा. ‘हार्वेस्ट’मध्ये तर घोगरा आवाज अजिबात नाही. एवढे करूनही तो आवाज नकोच असेल, तर त्यांचा 2003 सालचा ‘डॅम्नेशन’ आधी घ्या, त्यात तो कुठेच नाही. या दोन्ही अल्बमच्या निर्मितीत स्टीव्हन विल्सन यांचा हात आहे. 2009 च्या डिसेंबरात पवईच्या आयआयटीत त्यांच्या पॉर्क्युपाइन ट्री या बँडला ऐकलेले काही जण इथे बसले आहेत, त्यांना तो हात लगेच ओळखू येईल.

चौथा, टूलचा ‘लॅटरॅलस’, तोही 2001 चा. त्यांचे ड्रमर डॅनी कॅरी तबला शिकलेले आहेत. शीर्षकगीताच्या पहिल्या ओळींत अक्षरसंख्या एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढते आणि मग पाच, तीन अशी उतरते. शाळेत हिला फिबोनाचीची श्रेणी म्हणतात. पण लघु-गुरूंनी मात्रांचे साचे किती प्रकारे भरता येतात, हे मोजताना हेच आकडे आपल्याकडच्या छंदःशास्त्रज्ञांना आधीच मिळाले होते. विरहांकाने ते मांडले आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधी. म्हणजे इथेही दार काकूंचेच आहे. ध्रुवपदात नऊ, आठ, सात अशा मात्रा उतरतात. त्या बोटांवर मोजा.

पाचवा, मेशुगा या बँडचा ‘कॅच थर्टीथ्री’, 2005. सत्तेचाळीस मिनिटांची एकच अखंड रचना तेरा भागांत कापून ठेवलेली आहे, म्हणून तुकड्याने ऐकूच नका. मेशुगाच्या संगीतात झांज चारच्या लयीत चालू राहते आणि गिटारी, पायाने वाजवायच्या ड्रम्ससह, विषम लांबीचे आवर्तन तिच्यावरून फिरवतात. ठराविक फेऱ्यांनंतर शेवटचे आवर्तन मध्येच तोडून सगळे एकत्र समेवर येतात. आधी झांजेवर हात धरा, ती सोडू नका, आणि गिटार दूर जाऊन परत कधी येते ते पाहा. तबल्याची लयकारी ऐकणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळेल.

फळ्यावर नसलेले एक नाव घेतो. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’, 2017. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. क्रम आपल्याला पाठ आहे, म्हणून पुढे कोण येणार हे ठाऊक असते. तो कसा येणार याकडे कान ठेवा.

दुसरी चिठ्ठी आली आहे. ‘निदान स्टारलेसचा शेवट तरी ऐकवा’, असे तीत लिहिले आहे. शेवटची साडेतीन मिनिटे या घड्याळात बसतील, पण ती तेवढीच मी ऐकवणार नाही. ग्रंथपालांनी रविवारी सकाळी नऊ वाजता मागची वाचनखोली आपल्याला उघडून देण्याचे मान्य केले आहे. ‘रेड’ची तीच सीडी घेऊन मी येईन. अल्बम चाळीस मिनिटांचा आहे, नऊ वाजून पाच मिनिटांनी लावेन आणि मध्ये थांबवणार नाही.