आधी चिठ्ठी, मग चर्चा

[दृश्य: सारवलेलं खळं, वर माटव. गोल बसलेल्या बाया, मांडीवर वहीची पानं. फक्त आजूबाजूचे आवाज.]

सिंधुदुर्गातलं एक गाव. बचत गटाच्या बाया खळ्यात बसल्यात आणि एकही जण बोलत नाहीये. मालवणी मुलखात चार बाया एकत्र आल्या की गजालींना खंड नसतो. इथली शांतता ठरवून आणलेली आहे. प्रत्येकीपुढे शाळेच्या वहीचं एक रेघांचं पान. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि पान उजवीकडच्या बाईकडे द्यायचं. प्रश्न एकच आहे: गटाने धंदा कोणता करायचा?

[दृश्य: आधीच्या बैठकीचं चित्रण. पडवी, सतरंजी, चहाचे कप.]

ही त्याच गटाची आधीची बैठक. प्रश्नही हाच होता. अध्यक्षा म्हणतात, "बोला, काय करूया?" पहिला शब्द येतो, पापड. मग लोणचं, मग मसाला. आणि तिथून पुढे सगळी बैठक पापडावरच अडते: उडदाचे करायचे की नाचणीचे, वाळत कुठे घालायचे, पिठाची गिरणी कुणाची. नीट बघा, बोलतायत त्या ठरावीक तिघी-चौघी. बाकीच्या माना डोलावतायत. मागे खांबाला टेकून बसलेली तरुण सून शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. समोर तिची सासू बसली आहे. नंतर आम्ही तिला विचारलं.

[बाइट: तरुण सून]
"मोठी माणसां बोलत असतत, थंय मी काय बोलतलंय?"

पापडाचा धंदा वाईट नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बचत गटाला हे माहीत आहे. म्हणूनच प्रत्येक गटाला आधी पापडच सुचतो, आणि तालुक्याच्या प्रदर्शनात एकाच ओळीत तेच पापड, तीच लोणची मांडून बाया एकमेकींच्या गिऱ्हाइकाकडे बघत बसतात.

[दृश्य: पान हातोहात पुढे सरकताना. लिहिणारे हात, जवळून.]

एकत्र बसून कल्पना काढायची पद्धत जगभर नेली ती अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. १९३९ च्या सुमारास त्याने आपल्या संस्थेत अशा बैठका सुरू केल्या. त्याचे नियम चारच होते. कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. वेडंवाकडं सुचलं तरी सांगायचं. जितक्या जास्त तितक्या चांगल्या. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली भर घालायची. त्याचं म्हणणं होतं की माणूस एकट्यापेक्षा गटात जास्त कल्पना काढतो.

१९५८ साली येल विद्यापीठात हे ताडून पाहिलं गेलं. चौघांचे गट एकत्र बसवले, आणि तेवढ्याच माणसांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पनांची बेरीज केली. बेरीज पुढे गेली. पुढे १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या दोन संशोधकांनी त्याचं मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात, आणि तोवर सुचलेलं विसरतात किंवा मनातल्या मनात रद्द करून टाकतात. ते प्रयोग ज्यांच्यावर झाले त्यांना समोर सासू बसल्याचा धाक नव्हता. आपल्या पडवीत पाळी येण्याआधीच मोठ्यांचा मान आडवा येतो.

म्हणून हे पान. जर्मनीतल्या बेर्न्ट रोरबाख यांनी १९६८ साली मांडलेली ही रीत: सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं. सहाही पानं सहा हातांतून फिरली की अर्ध्या तासात १०८ कल्पना जमतात. त्यात पुनरुक्ती असते, भरताडही असतं. असू दे. निवडायचं काम नंतरचं आहे.

[दृश्य: आजींचा हात. पेन मुठीत धरलेलं. पानावर चित्र.]

या आजींना लिहिता येत नाही. त्यांना सांगितलं, चित्र काढा. त्यांनी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, काढलाय. खाली लोंबणारी काजूची बीसुद्धा आहे. शेजारी आणखी बोंडू, मग नुसते गोळेच गोळे, एकावर एक.

फाल्गुन-चैत्रात कोकणातल्या कुठल्याही काजूच्या बागेत गेलात तर हेच दिसतं. बी पिळून काढली जाते, बोंडू तिथेच पडतो. वजनात बघाल तर बोंडू बीच्या पाच ते दहा पट. गोव्यात त्याची फेणी होते. आपल्याकडे तो बराचसा झाडाखालीच आंबून जातो. ज्यांनी जन्मभर बी वेचली त्यांना हा ढीग दिसत होता. बैठकीत तो कधी बोलला गेला नाही, कारण आजी बैठकीत बोलत नाहीत.

[दृश्य: तेच पान, पुढच्या हातात.]

पान पुढे गेलं. शेजारणीने चित्राखाली लिहिलं, "हेचा काय करूचा?" तिच्या पुढे बसली होती ती खांबाला टेकलेली सून. पेनाचं टोपण दातांत धरून ती बराच वेळ त्या ढिगाकडे बघते. मग लिहिते: सरबत. रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, करतो तसं. तिच्या पुढचीने भर घातली: चाकरमानी मुंबईला घेऊन जातील. नाव ठेवायला कुणी तोंडच उघडू शकत नव्हतं, त्यामुळे ऑस्बॉर्नचे चारही नियम आपोआप पाळले गेले.

[दृश्य: खळ्यात रांगोळीने आखलेलं मोठं वर्तुळ, बारा भाग. वरून घेतलेलं चित्रण.]

जेवणानंतरची ही रांगोळी म्हणजे वर्षाचं कॅलेंडर. चैत्र ते फाल्गुन, बारा घरं. कामाचा ताण जिथे जास्त तिथे खडे, हातात पैसा असतो तिथे तांदूळ, जंगलात आणि परसात माल असतो तिथे पानं. आषाढाच्या घरात बघा. लावणी चालू, मुलांची शाळा सुरू झालेली, खड्यांचा ढीग आहे आणि तांदळाचा एक दाणा नाही. कुळथाच्या पिठीची कल्पना इथे टिकली, कारण पिठी वर्षभर दळता येते. भर पावसात पापड वाळवायची कल्पना याच घरात गळून पडली. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, रांगोळीनेच ते दाखवलं.

[दृश्य: ओळीने पालथ्या करवंट्या, प्रत्येकीशेजारी चिठ्ठी. बाया एकेक करून येतायत.]

आता निवड. प्रत्येक करवंटीशेजारी एका कल्पनेची चिठ्ठी. प्रत्येक बाईच्या मुठीत तीन चिंचोके. करवंटी उचलायची, चिंचोका आत सरकवायचा, पुन्हा पालथी घालायची. हात वर करून मतदान घेतलं असतं तर आधी अध्यक्षांच्या हाताकडे बघितलं गेलं असतं. करवंटीखाली काय गेलं ते कुणालाच कळत नाही. सासू आणि सून एकापाठोपाठ येतात. कॅमेरा इथे थांबतो.

बोंडूच्या करवंटीखाली सगळ्यात जास्त चिंचोके निघाले.

[दृश्य: बाया हसतायत, एकदम आवाज.]

आणि हा उलटा डाव. प्रश्न असा टाकला: हा धंदा बुडवायचा असेल तर काय काय कराल? आता गजालींना ऊत आला. "बाटल्या धुवूच्योच नाय." "सगळो माल उधारीवर देवचो." "सकाळी वेचलेलो बोंडू सांजेपर्यंत तसोच ठेवचो." "हिशोब एकटीनच ठेवचो, कोणाक दाखवचो नाय." धंदा चांगला कसा चालवायचा असं विचारलं तर बाया प्रशिक्षणात ऐकलेलं बोलून दाखवतात. बुडवायचा कसा म्हटल्यावर मात्र गावात याआधी काय काय बुडालं ते सगळं बाहेर येतं. प्रत्येक वाक्य उलटं करून सचिवांनी वहीत उतरवलं. गटाचे नियम तिथेच तयार झाले.

[दृश्य: रस गाळताना, मोठं पातेलं. बाटल्यांवर झाकणं.]

पुढचं थोडक्यात. बोंडूचा रस घशाला धरतो, तो त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. शिजवलेल्या साबुदाण्याची पेज घालून ठेवली की गाळ खाली बसतो आणि वरची निवळ वापरता येते. कोकणात फळांवर काम करणारं जुनं केंद्र वेंगुर्ल्याला आहे, सल्ल्यासाठी बाया तिथे जाऊन आल्या. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली. प्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत गटाच्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, त्यासाठी ग्रामसंघामार्फत अर्ज गेला आहे. पहिल्या बाटल्या मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांनी नेल्या. किती उरलं, त्याचा हिशोब गटाच्या वहीत आहे.

[दृश्य: दुसऱ्या वाडीतली बैठक. सतरंजी अंथरली जाते.]

शेजारच्या वाडीतल्या गटाने आता हीच बैठक मागितली आहे. त्यांच्याकडे काजू कमी, फणस आणि रातांबे जास्त. त्यामुळे बोंडूचा धंदा त्यांनी उचलावा असं कुणी त्यांना सांगणार नाही. जाणार आहे ती फक्त बैठकीची रीत. पानं, पेनं, चिंचोके, करवंट्या. बैठक घेणारी ताई सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढायचं. आणि पानं सगळ्यांच्या हातांतून फिरून होईपर्यंत अध्यक्षांनी आपली कल्पना कुणालाही सांगायची नाही.