मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं?

मंडळी, गोदाघाटावर उभं राहून स्मार्ट सिटीविषयी बोलायचं, तर सुरुवात नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपासूनच करतो. पावसाळ्यात आपण नाशिककर एकमेकांना फोन करून काय विचारतो? "मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, तो आकडाही हवाच. पण माल माळ्यावर कधी चढवायचा, हे भांडी बाजारातला दुकानदार मारुतीकडे बघून ठरवतो. 4 ऑगस्ट 2019 ला मारुती डोक्यापर्यंत बुडाला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. दहीपुलाशी, सराफ बाजारात पाणी चढतं त्यात सरस्वती नाल्याचा हात किती, हेही तिथल्या माणसाला नकाशा न उघडता ठाऊक असतं.

हे शहाणपण कागदावर येत नाही, तेव्हा काय होतं? 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत नदीपात्रातल्या कुंडांचे तळ काँक्रीटने बांधून काढले. घाट स्वच्छ दिसावा, भाविकांची सोय व्हावी, हेतू वाईट नव्हता. पण तळातल्या जिवंत झऱ्यांची तोंडं बुजली. जुनी कागदपत्रं आणि घाटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून हे दाखवून दिलं ते साध्या नाशिककरांनी. त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढे स्मार्ट सिटीच्याच गोदा प्रकल्पात काही कुंडांतलं काँक्रीट काढलं गेलं. म्हणजे घालायला खर्च आणि काढायलाही खर्च. आधी विचारलं असतं तर?

स्मार्ट सिटी योजना 2015 ची, नाशिकची निवड 2016 मध्ये झाली. कामं स्वतंत्र कंपनीकडे गेली. कंपनीमुळे फाइल लवकर हलते, हे मी मानतो. माझा आक्षेप वेगळा आहे. संचालक मंडळाची बैठक गल्लीतल्या माणसाच्या वाटेवर नसते. त्यातच मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर मोठा काळ प्रशासकांचा कारभार राहिला. गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकही उरला नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवायची, त्यांचा क्रम लावायचा. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला बसलात? झाड तोडण्यापूर्वी हरकती मागवायच्या, हेही 1975 च्या वृक्ष कायद्यात आहे. तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, ते मला फार मोलाचं वाटतं. पण रस्त्यावर यायची पाळी सगळं ठरून गेल्यावर येते.

म्हणून माझी एकच मागणी आहे. सेन्सर बसवा, कॅमेरे बसवा. आणि सरस्वती नाल्याच्या पुढच्या कामाचं टेंडर निघण्याआधी एक क्षेत्रसभा दहीपुलावर घ्या. अभियंत्यांनी आराखडा तिथेच उघडावा, आणि मागच्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते दुकानदारांनी भिंतीवर हात ठेवून दाखवावं.