शेवटच्या दिवसांची शुश्रूषा शिकावी लागते

नमस्कार श्रोतेहो.

मी परिचारिका. नोकरीला पंधरा वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी आणलं. आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. "आता घरीच न्या," एवढं सांगून फाइल आमच्या हातात दिली गेली. सलाइन लावणं, ड्रेसिंग करणं हे माझ्या हातचं काम होतं. पण एका रात्री दादांनी विचारलं, "बाळ, आता माझं काय होणार गं?" मी त्यांची उशी नीट केली आणि पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ तिथेच उभी राहिले. या प्रश्नापाशी कसं थांबायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

हे शिकवलं जातं, हे मला दादा गेल्यावर कळलं. मग मी पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलं. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप, मळमळ, भीती कमी करण्याचं हे शास्त्र आहे. सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते. मनाची असते, घरच्या काळजीची असते, देवावरच्या रुसव्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला पटवलं. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस.

प्रशिक्षणातला पहिला धडा मला अवघड गेला. रुग्णाला प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. धीर द्यायची घाई करायची नाही. आज दादांनी तसं विचारलं, तर मी खुर्ची ओढून बसेन आणि म्हणेन, "दादा, तुम्हाला काय वाटतंय?"

बाकीचे धडे हातांचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनलेल्या वेदनाशामक औषधाची, गोळी घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. आणि तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध द्यायचंच. "अफूचं व्यसन लागेल," ही भीती घरोघरी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेच्या मापाने दिलेल्या गोळीने असं व्यसन क्वचितच लागतं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला, तोही हे औषध वेदनेने तळमळणाऱ्यांपर्यंत पोचावं म्हणूनच.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. शेवटी भूक आणि तहान मंदावते. ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठांना तूप लावा. गंगाजल द्यायचं असेल, तर त्यात बोट बुडवून ओठांवर टेकवा. जेवत नाही म्हणून तो माणूस उपाशी मरतोय, असं मनाला लावून घेऊ नका.

आता शिकायचं कुठे? डॉक्टरांसाठी या विषयातली एमडी पदवी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ साली सुरू झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपचार आणि प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून आहे. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर डॉक्टर आणि परिचारिकांसाठी मूलभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्थाही प्रशिक्षण देते.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते केरळातलं काम. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या प्रयत्नातून गावोगावचे शिक्षक, दुकानदार, गृहिणी प्रशिक्षण घेऊन शेजारच्या रुग्णाकडे जाऊ लागल्या. २००८ साली तिथल्या सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं. आपल्या गावातही बचत गटातल्या चार बायकांना हे का शिकता येऊ नये?

म्हणून, घरी असं आजारपण असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी वॉर्डमधल्या सिस्टरला थांबवा आणि म्हणा, "यांची कूस कशी बदलायची, ते मला एकदा करून दाखवा." मग तिच्यासमोर स्वतः करून पाहा.

नमस्कार.