वायतुपूचं कर्ज

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय तुवालूबद्दल. तुवालू. पॅसिफिक महासागरातला पॉलिनेशियन लोकांचा छोटासा देश, हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधोमध. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण आपल्याकडच्या नकाशात पॅसिफिक मधूनच कापलेला असतो, अर्धा डाव्या कडेला नि अर्धा उजव्या कडेला, आणि माझं स्पष्ट मत आहे की एका तरी वर्गात पॅसिफिक मधोमध ठेवलेला नकाशा लावायलाच हवा, मुलांना जग वेगळंच दिसेल. असो.

तर तुवालू म्हणजे नऊ बेटं. सगळी मिळून जमीन किती, तर 26 चौरस किलोमीटर. माणसं दहा-अकरा हजार. ही बेटं प्रवाळाची, म्हणजे डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. समुद्रसपाटीपासून सगळ्यात उंच जागा पाच मीटरसुद्धा भरत नाही. राजधानी फुनाफुती, तिथलं मुख्य बेट लांबलचक आणि अरुंद, सगळ्यात रुंद ठिकाणी चारेकशे मीटर, आणि त्यातली बरीचशी जागा विमानाच्या धावपट्टीनेच खाल्लीय. ही धावपट्टी अमेरिकन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात बांधली. आजही संध्याकाळी पोरं तिच्यावर फुटबॉल, व्हॉलीबॉल खेळतात, विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, सगळे बाजूला होतात, फिजीचं विमान उतरतं. पिण्याचं पाणी म्हणजे पावसाचं, छपरावरून टाकीत साठवलेलं. 2011 साली पाऊस लांबला तेव्हा देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. शेती म्हणाल तर पुलाका, अळूच्या जातीचा मोठा कंद, जमिनीत खड्डे खणून त्यात खत-माती घालून वाढवतात, आता त्या खड्ड्यांत खारं पाणी झिरपतंय.

पण मला आज गोष्ट सांगायचीय ती वायतुपू बेटाची. वायतुपू. जमिनीच्या हिशोबात तुवालूतलं सगळ्यात मोठं बेट. मोठं म्हणजे साडेपाच चौरस किलोमीटर.

काळ 1880च्या आसपासचा. तेव्हा पॅसिफिकमध्ये युरोपातल्या कंपन्या खोबरं गोळा करत फिरायच्या, युरोपात साबणाला तेल लागायचं ना. वायतुपूवर विल्यम्स नावाचा व्यापारी होता, त्याच्या पुढाकाराने बेटावरच्या लोकांची एक कंपनी निघाली, वायतुपू कंपनी. कल्पना चांगली होती, आपलं खोबरं आहे तर व्यापारही आपणच करू. व्यवहार होता सामोआतल्या आपिया बंदरातल्या रूगे नावाच्या जर्मन पेढीशी. आणि धंदा बसला. देणं चढत चढत गेलं 13000 डॉलरवर. तेरा हजार डॉलर, 1880च्या दशकातले, आणि बेटावर माणसं काही शे. पेढीने सांगितलं, पैसे फेडा, नाहीतर अख्खं बेट जप्त करू.

जरा विचार करा हं. घर नाही, दुकान नाही, अख्खं बेट. चर्च, विहिरी, पूर्वजांची थडगी, सगळं. जायचं कुठे त्या लोकांनी?

मग त्या लोकांनी काय केलं, तर फेडायचं ठरवलं. सगळ्यांनी मिळून. हे कुणा एकाचं कर्ज नव्हतं, बेटाचं होतं, तर फेडणारही बेटच. आणि विकायला हातात होतं काय, खोबरं. एक टन खोबऱ्याला पाच-सहा हजार नारळ लागतात, ते गोळा करायचे, सोलायचे, फोडायचे, उन्हात वाळवायचे, आणि वायतुपूला पाऊस जवळजवळ वर्षभर येतो, ओली वाटी राहिली की बुरशी कशी धरते ते तुम्हाला घरचा अनुभव आहेच. म्हणजे वाळवत घातलेलं पुन्हा पुन्हा उचलून आत न्यायचं, ऊन आलं की पुन्हा बाहेर. असं करत, हप्त्या-हप्त्याने, 25 नोव्हेंबर 1887 ला शेवटचा हप्ता गेला. पुन्हा सांगतो, 25 नोव्हेंबर 1887. कर्ज फिटलं, बेट वाचलं.

हा दिवस वायतुपूचे लोक आजही साजरा करतात, नाव आहे 'ते आसो फियाफिया', आनंदाचा दिवस. जेवणावळी होतात, फातेले नाच होतो, त्यात बसलेली माणसं लाकडी पेटीवर थापा मारत ठेका धरतात, गाणं हळू सुरू होतं आणि वाढत वाढत अगदी जोरात जातं. लढाई जिंकल्याचे सण जगात भरपूर आहेत, कर्ज फेडल्याचा सण मला तरी दुसरा ठाऊक नाही, आणि मला हा सण फार म्हणजे फारच आवडतो. (आणि यानिमित्ताने सांगून ठेवतो, कुणी कितीही जवळचा असो, जामीन म्हणून सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचा, घरच्यांना वाचायला द्या.)

गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य आलं, वायतुपूच्या माणसांनी त्यांच्याकडे कामं केली, पैसे मिळाले. आता साठ वर्षांपूर्वी ज्यांचं बेट जप्त होणार होतं त्यांनी या पैशाचं काय करावं? त्यांनी सगळ्यांचे पैसे एकत्र ठेवले आणि 1946 साली फिजी देशातलं किओआ नावाचं एक बेट विकत घेतलं. रोख. 3000 पौंडांना. वायतुपूहून हजारेक किलोमीटर दक्षिणेला, डोंगराळ, सुपीक. माणसं वाढतायत, जमीन वाढत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. 1947 ला पहिली सदतीस माणसं तिकडे राहायला गेली. त्यांच्या वंशजांना फिजीचं नागरिकत्व मिळायला मात्र 2005 उजाडलं.

आता देश चालतो कसा ते पटकन सांगतो. आधी ही ब्रिटिशांची वसाहत, शेजारच्या गिल्बर्ट बेटांना जोडलेली. 1974 ला लोकांनी मतदान करून वेगळं व्हायचं ठरवलं, आणि 1 ऑक्टोबर 1978 ला स्वातंत्र्य. राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा, संसदेत 16 खासदार, आणि राजकीय पक्ष नाहीत. एकही नाही. निवडून येतात, बसतात, आपल्यातून पंतप्रधान निवडतात, सध्या फेलेती तेओ आहेत. शिवाय प्रत्येक बेटाची स्वतःची सभा असते, वडीलधारी माणसं बसून बेटाचे निर्णय घेतात.

आणि पैसा? जमीन 26 चौरस किलोमीटर, पण भोवतीचा हक्काचा समुद्र साडेसात लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात टूना मासा. परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस विकत घ्यावे लागतात, ते देशाचं मोठं उत्पन्न. दुसरं म्हणजे इंटरनेटवरचे 'डॉट टीव्ही'ने संपणारे पत्ते, ती दोन अक्षरं तुवालूच्या वाट्याला आलेली, त्यांच्या भाड्यातून पैसे येतात, 2000 साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्य होण्याचा खर्चही त्यातूनच निघाला. आणि 1987 पासूनचा राष्ट्रीय निधी, मुद्दल राखायचं, वरचं वापरायचं. वायतुपूच्या गोष्टीनंतर याचं नवल वाटायला नको. बँकेचं पहिलं एटीएम मात्र 2025 ला आलं.

बेटाबेटांमध्ये विमान नाही, बोटीने जायचं, आणि बातम्या, हवामान, सगळं रेडिओ तुवालूवर. रेडिओ संपला म्हणणाऱ्यांनी जरा तिकडे जाऊन यावं.

समुद्र चढतोय ही गोष्ट खरी आहे, फार गंभीर आहे. पण बातम्यांत तुवालू म्हणजे फक्त बुडणारा देश, गुडघाभर पाण्यात उभी माणसं, एवढंच दाखवतात त्याचा मला राग येतो. हे लोक बसून राहिलेले नाहीत. फुनाफुतीला वाळू उपसून सात हेक्टरच्या वर नवी, उंच जमीन तयार केलीय. 2023 ला राज्यघटनेतच लिहून टाकलं की समुद्राने जमीन घेतली तरी तुवालू हा देश कायम राहील. ऑस्ट्रेलियाशी करार केला, 2024 पासून लागू आहे, दरवर्षी सोडत काढून 280 जणांना तिथे जाऊन राहता येईल, शिकता येईल, काम करता येईल, आणि परत यायचं तर परतही येता येईल. पहिल्याच सोडतीला देशातल्या बहुतेक लोकांनी नावं दिली. नाव दिलं म्हणजे देश सोडला असं नाही. किओआला गेलेल्यांची आज तिथे तिसरी-चौथी पिढी आहे, आणि तीही वायतुपूचीच म्हणवते.

वेळ झाली मंडळी. नमस्कार.