विंडोज होम घ्यायचं की प्रो? दुकानात पैसे देण्याआधी हे बघा

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर एक लॅपटॉप, बाजूला चहा.)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी माउस घ्यायला एम. जी. रोडवर गेलो होतो. शेजारी एक काकू मुलीला घेऊन आलेल्या. मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालेली, लॅपटॉप घ्यायचा होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "विंडोज प्रो टाकून देतो काकू, होमपेक्षा फास्ट चालतं." काकूंनी पर्सची चेन उघडली आणि मला काही राहवलं नाही. मी मध्ये बोललो. तेच आज तुमच्याशी जरा निवांत बोलतो, कारण इथे काही हजार रुपयांचा प्रश्न असतो आणि ते पैसे कुणाच्या तरी घामाचे असतात.

प्रो फास्ट चालत नाही. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन एडिशन, म्हणजे आवृत्त्या, पण आतून एकच विंडोज आहे. अपडेट तेच, ड्रायव्हर तेच, अँटिव्हायरस तोच. प्रोमध्ये काही जास्तीच्या सोयींची कुलपं उघडी असतात, होममध्ये ती बंद असतात, एवढाच फरक. होमला रॅमची मर्यादा आहे, पण ती १२८ जीबीची. आपल्या घरातल्या लॅपटॉपला ८ नाहीतर १६ जीबी रॅम असते, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळपासही आपण जात नाही. काकूंना मी म्हटलं, प्रोला घालायचे पैसे रॅममध्ये घाला, ८ ची १६ करून घ्या. पोरीला चार वर्षं फरक जाणवेल.

"पण कोडिंगला प्रो लागतं ना?" मुलीने विचारलं. नाही लागत. सी, जावा, पायथन सगळं होमवर चालतं. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, म्हणजे डब्ल्यूएसएल, होमवर आहे. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकरसुद्धा त्याच्या आधाराने होमवर चालतं. हायपर-व्ही, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवायची विंडोजची सोय, आणि सँडबॉक्स, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम वेगळा ठेवून तपासायची सोय, मात्र होमवर नाही, प्रोवर आहे. त्यातही कॉलेजला व्हर्च्युअल मशीन करून दाखवायचं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं आणि होमवर चालतं.

मग प्रो घ्यायचं कुणी? माझ्या मामाने.

मामाचं नाशिकला अंबडमध्ये छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि एक लेथ. ऑफिसात एक पीसी, त्यावर टॅली आणि जॉबची सगळी ड्रॉइंग. मामा राहतो इंदिरानगरला. रात्री जेवण झाल्यावर त्याला घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा पीसी उघडायचा असतो, उद्या कुणाचं बिल निघतंय ते बघायला. विंडोजमध्ये यासाठी रिमोट डेस्कटॉप आहे. आणि नेमका इथेच लोकांचा घोळ होतो, म्हणून नीट ऐका. ज्या मशीनमध्ये शिरायचं, त्यावर प्रो हवं. ज्या मशीनवरून शिरायचं, त्यावर होम असलं तरी चालतं. मामाला कुणीतरी दोन्हीकडे प्रो घ्यायला सांगितलं होतं. आम्ही फक्त ऑफिसच्या पीसीवर घेतलं, घरचा लॅपटॉप होमवरच आहे.

यात दोन गोष्टी सांभाळा. मामा घरून आत शिरला की ऑफिसच्या पीसीसमोर बसलेल्याची स्क्रीन लॉक होते. साध्या प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. त्यामुळे दिवसा अकाउंटंट बसलेला असताना हे जमत नाही, रात्री जमतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, थेट इंटरनेटला उघडून ठेवू नका. जगभरातून पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस त्याच दारावर थापा मारत असतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची कुलूपबंद खाजगी वाट, लावा आणि त्यातून जा. कधीतरी महिन्यातून एकदा बघायचं असेल, तर एनीडेस्कसारखं ॲप होमवरही चालतं, तेवढ्यासाठी प्रो घेऊ नका.

याशिवाय दहा-पंधरा मशीन एकाच सर्व्हरच्या डोमेनला, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडायची असतील, किंवा प्रत्येक मशीनवर पेन ड्राइव्ह बंद करण्यासारखे नियम ग्रुप पॉलिसीतून लावायचे असतील, तर प्रो घ्या. सातपूर-अंबडच्या मोठ्या युनिटमध्ये हे लागतं. घरात लागत नाही.

(लॅपटॉप उघडतो. क्लोज-अप.)

आता हा लॅपटॉप बघा. हा बाबांचा. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. त्यांची एकच इच्छा होती: मेनू मराठीत हवेत. मी म्हटलं, त्यात काय, पाच मिनिटांचं काम. सेटिंग्जमध्ये गेलो, टाइम अँड लँग्वेज, मराठी निवडली, आणि विंडोजने मला सांगितलं की तुमच्या लायसन्सवर एकच डिस्प्ले भाषा चालते.

विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबा. जो छोटा चौकोन येतो त्यात विनव्हर लिहा, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर, आणि एंटर दाबा. हे पान उघडतं. बाबांच्या लॅपटॉपवर तेव्हा इथे लिहिलेलं होतं, "विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज". आपल्याकडे तयार विंडोज घालून येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपवर हेच असतं. बिलावर मात्र नुसतं "विंडोज ११" लिहितात. इंग्रजी मेनू चालत असतील तर सिंगल लँग्वेजने काहीही बिघडत नाही, बाकी सगळं होमसारखंच. पण घरात कुणाला मराठी मेनू हवे असतील, तर बॉक्सवर हे दोन शब्द आहेत का ते आधी वाचा.

मराठी टायपिंगला याची आडकाठी नाही हं. ते कुठल्याही एडिशनवर होतं. मराठी कीबोर्ड घातला की इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी, मिळतो आणि फोनेटिकही मिळतो, ज्यात इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी शब्द उमटतो. अडतो तो फक्त मेनू.

दुसरा किस्सा भाच्याचा. त्याच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला आणि चालू केल्याबरोबर निळी स्क्रीन आली. ४८ आकडी रिकव्हरी की मागत होती. तो म्हणाला, "मामा, मी कधी कुलूप लावलंच नाही." त्याने लावलं नव्हतं, विंडोजने आपोआप लावलं होतं. होममध्ये प्रोसारखं पूर्ण बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची सोय, नसतं, पण त्याचंच साधं रूप, डिव्हाइस एन्क्रिप्शन, असतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन इन केलं की ते चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानात कुणीतरी घाईघाईत एक नवा मेल आयडी काढून सेटअप उरकला होता. तो मेल आयडी शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. सापडला म्हणून बरं, नाहीतर त्याच्या प्रोजेक्टसकट सगळं गेलं होतं. लॅपटॉप घरी आणा, स्वतःच्या अकाउंटने सेटअप करा आणि ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आता कीबद्दल, म्हणजे लायसन्सच्या कीबद्दल. "पाचशेत प्रो मारून देतो" म्हणणारे भेटतात. त्या बऱ्याचदा कंपन्यांसाठी घाऊक दिलेल्या लायसन्सच्या की असतात, त्या तशा एकट्याला विकायची परवानगीच नसते. कधी विनव्हरमध्ये "एंटरप्राइझ" दिसतं. एंटरप्राइझ हे मोठ्या कंपन्यांना करार करून मिळतं. तुम्ही कंपनीकडून मशीन घेतलेलं नाही आणि तरी तुमच्या घरच्या पीसीवर हे नाव दिसतंय, तर कुणीतरी ॲक्टिव्हेटर, म्हणजे खोटं लायसन्स लावणारा प्रोग्रॅम, चालवलाय असं समजा. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. आणि त्याच मशीनवरून तुम्ही नेटबँकिंग करणार असता. पैसे नसतील तर माझं ऐका, ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज वापरा, कोपऱ्यातली ती "ॲक्टिव्हेट विंडोज" अक्षरं सहन करा, पण हे करू नका.

एज्युकेशन एडिशन कॉलेजमार्फत मिळतं, मिळालं तर घ्या. काही लॅपटॉप एस मोडमध्ये येतात, त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात, तो मोड सेटिंग्जमधून फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत येत नाही. एन एडिशन युरोपसाठी आहे, त्यात मीडिया प्लेअर नसतो, चुकून डाउनलोड करू नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना पीसी असेल तर ११ चालेल का ते आधी बघा: टीपीएम २.० (सुरक्षेच्या की सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना भलतंच काही लोड होऊ न देणारी सोय), आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. नाही बसलं तर नवा घ्यायच्या आधी लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, घालून बघा. त्याच्यातही एडिशन आहेत. ४ जीबीच्या जुन्या मशीनला हलकं एक्सएफसीई घ्या, जरा बरं मशीन असेल तर सिनॅमन.

आणि अजूनही मन द्विधा असेल, तर होम घ्या. कारण होमवरून प्रोवर जाणं सोपं आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, तिथे प्रोची की टाकायची, मशीन रीस्टार्ट होतं, फोटो-फाइल जिथल्या तिथे राहतात. उलटं, प्रोवरून होमवर यायचं तर सगळं नव्याने टाकावं लागतं.

बाबांचं शेवटी आम्ही असंच केलं. सिंगल लँग्वेजवरून प्रो केलं, कारण प्रोला भाषेचं बंधन नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी प्रो घेतलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. काही कोपऱ्यांत अजून इंग्रजी दिसतं, पण मुख्य मेनू मराठीत आलेत.

(लॅपटॉप कॅमेऱ्याकडे वळवतो.)

हे बघा. हे बाबांनी स्वतः लावलंय. फॉन्टही त्यांनीच मोठा केलाय.