नक्कलनवीसाची कोठी

मिलान शहरातला ब्रेरा राजवाडा. पर्यटक इथे येतात ते चित्रं पाहायला. त्याच वास्तूत राष्ट्रीय ग्रंथालय आहे, आणि तिथे रिकोर्दी घराण्याची कोठी. सहाशेहून अधिक ऑपेरांच्या मूळ हस्तलिखित स्वरलिपी. इटलीचा थोर संगीतकार व्हेर्दी, त्याच्या २८ ऑपेरांपैकी २३ त्याच्या स्वतःच्या हातच्या.

हे कुणा राजानं हौसेनं जमवलेलं नाही. जोव्हान्नी रिकोर्दी हा नाट्यगृहातला नक्कलनवीस. आपल्याकडे तालमीआधी नटांना नकला वाटत ना? तिथे प्रत्येक वादकाला त्याच्या वाद्यापुरती स्वरलिपी हातानं उतरवून द्यावी लागे. हा १८०७ साली लाइपझिगला छपाई शिकायला गेला, आणि १८०८ मध्ये त्यानं पेढी काढली. मिलानच्याच ला स्काला नाट्यगृहाचं काम धरलं, तेव्हा उतरवलेलं संगीत छापायचा हक्कही करारात लिहून घेतला. १८२५ साली त्या नाट्यगृहाचं जुनं संगीत-दप्तरच विकत घेतलं.

आणि खरी मेख पुढेच आहे. मोठ्या ऑपेरांच्या स्वरलिपी पेढी नाट्यगृहांना भाड्यानं देई. प्रयोग संपले की वह्या परत. चोरून नकला करणारे टपलेलेच असत. नकलांचा धंदा आतून पाहिलेला माणूस मूळ प्रत हातची कशाला सोडेल!

पत्रंही हजारोंनी आहेत. 'आयदा' या ऑपेरानंतर व्हेर्दी नव्या ऑपेराला हात लावायला तयार नव्हता. जोव्हान्नीचा नातू जूलिओ आणि कवी बोइतो यांनी त्याला हळूहळू 'ओथेल्लो'कडे वळवलं. पत्रांत त्या बेताचं टोपणनाव होतं 'चॉकलेट', नायकाच्या वर्णावरून. आज हा विनोद घशाखाली उतरत नाही. ऑपेरा रंगमंचावर आला १८८७ साली.

ऑगस्ट १९४३ मधल्या बाँबहल्ल्यांत पेढीची इमारत कोसळली. हस्तलिखितं आधीच बाहेर हलवली होती, म्हणून वाचली.

आता ही पानं पाहा. संगीतकार पुच्चिनीचा अपुरा राहिलेला ऑपेरा 'तुरांदोत', त्याच्या शेवटाची ही टिपणं. घाईचं, गिचमिड अक्षर. एका जागी स्वरांऐवजी दोनच शब्द: 'पोई त्रिस्तानो', म्हणजे 'मग त्रिस्तान'. त्रिस्तान हा जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराचा नायक. नोव्हेंबर १९२४ मध्ये पुच्चिनी ब्रसेल्सला वारला. असल्या टिपणांवरून संगीतकार फ्रांको आल्फानोनं शेवट लिहून काढला. २५ एप्रिल १९२६, ला स्काला, पहिला प्रयोग. वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनीनं तो शेवट वाजवलाच नाही. पुच्चिनीचं लेखन जिथे थांबलं, तिथे त्यानं हातातली छडी खाली ठेवली.