परदेशातून आणलेल्या वस्तू टिकवताना

श्रोतेहो, नमस्कार.

चमकी लावलेला आयफेल टॉवर, पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा मॅग्नेट, हलवला की आत बर्फ भुरभुरतो तो काचेचा गोळा. अशा बाजारू वस्तूंना अनेक जण नाकं मुरडतात. आमचं म्हणणं, आवडल्या तर खुशाल घ्या. फक्त घेतल्या दिवशीच तळाशी किंवा मागे ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा. ही नोंद नसेल, तर महागडी कलावस्तूसुद्धा काही वर्षांत बेवारस होते. कागदावर मऊ पेन्सिलीनं लिहा. शाई पुढे पसरते.

बर्फाचा गोळा नावारूपाला आला तो व्हिएन्नात. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या एर्विन पेर्झी यांनी तो १९०० च्या सुमारास घडवला. आत द्रव असल्यानं बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेला १०० मिलिलिटरची मर्यादा लागते. गोळ्यात नेमकं किती पाणी आहे हे तपासणीच्या टेबलावर मोजता येत नाही, म्हणून मोठा गोळा तिथेच ठेवून यावा लागू शकतो. त्यापेक्षा झिपच्या दोन पिशव्यांत बंद करा, कपड्यांत गुंडाळा आणि चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा. घरी आल्यावर खिडकीत मांडू नका. पाणी भरलेला गोळा भिंगासारखा ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि त्यानं आगही लागू शकते.

मॅग्नेटचं दुखणं बहुधा गोंदाचं असतं. चित्र सुटलं, तर जुना गोंद खरवडा, दोन्ही बाजू बारीक सँडपेपरनं घासा, दोन भाग मिसळून तयार होणारा इपॉक्सी गोंद लावा आणि वजन ठेवून २४ तास हलवू नका. स्टीलच्या काही फ्रिजना मॅग्नेट चिकटतच नाही. तिथे लोखंडी पत्र्याचा फलक भिंतीवर लावावा.

सगळ्यात जास्त हानी होते ती तिकिटांची. संग्रहालयाचं, ट्रामचं, बोटीचं तिकीट आम्हाला कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा मोलाचं वाटतं, पण त्यातली बरीच थर्मल कागदावर छापलेली असतात. कोपऱ्यावर नख जोरात घासून पाहा. काळी रेघ उमटली तर कागद थर्मल. त्यावर शाई नसतेच, कागदाचा थरच उष्णतेनं काळा होतो. म्हणून लॅमिनेशन केलं की अख्खं तिकीट काळं पडतं. पीव्हीसीच्या पारदर्शक खिशात ठेवलं, तर त्या प्लास्टिकला मऊ करणारी द्रव्यं अक्षरं पुसून टाकतात. आल्या आल्या स्कॅन करा, साध्या कागदावर प्रत काढा आणि मूळ तिकीट कागदी पाकिटात, अंधारात ठेवा.

पासपोर्टवर मात्र हौसेचा शिक्का कुठेही मारून घेऊ नका. पर्यटनस्थळी असे शिक्के सहज मिळतात, पण त्यामुळे पासपोर्ट खराब झाला असं मानून प्रवास अडवला जाऊ शकतो. शिक्क्यांसाठी छोटी वही जवळ ठेवावी.

काही वस्तूंना हातच लावू नये. कासवाच्या कवचाचे कंगवे आणि हस्तिदंत यांच्यावर १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या कराराची, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, बंधनं आहेत. बऱ्याच प्रवाळांनाही परवाना लागतो. दुकानात उघड विकलं जातं, म्हणजे देशाबाहेर नेता येतं असं नाही. इटलीत सार्डिनियाच्या किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले उचलल्यास ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो.

लाकडी वस्तूखाली पिठासारखी भुकटी दिसली, की आत कीड आहे असं समजा. घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. लाखेचा थर किंवा जडावकाम असेल तर हा उपाय नको, थर तडकतो. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या. लगेच उघडली तर गार लाकडावर दव साचतं आणि डाग पडतात.